आगीवरचे औषध आणि माणसाचा श्वास

बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत उतरण्यापूर्वी दोराला पेटता कंदील बांधून तो खाली सोडायचा, ही आपल्या खेड्यांतली जुनी रीत बहुतेक वाचकांच्या ऐकिवात असेल. कंदील तळापर्यंत जळत गेला तर माणूस उतरतो. मध्येच मालवला तर कुणी उतरत नाही. ज्यांनी ही रीत पाडली त्यांनी रसायनशास्त्र वाचलेले नव्हते. ही परीक्षा पुरी आहे असेही नाही, कारण काही विषारी वायूंत कंदील खुशाल जळत राहतो आणि माणूस मरतो. तरीसुद्धा अनुभवाने त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. ज्योत आणि माणूस एकाच हवेवर जगतात.

आता हीच गोष्ट उलटी करून पाहू. एका बंद खोलीत आग लागली आहे. ती विझवायची म्हणजे त्या खोलीतली हवा मुद्दाम अशी करून टाकायची की तीत ज्योत तगू नये. ठीक आहे. पण त्याच खोलीत एखादा माणूस असला तर त्याचे काय? प्रश्न अगदी साधा आहे. कुणा शाळकरी मुलालाही सुचेल. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, आग विझविण्याची नवीनवी द्रव्ये शोधणाऱ्यांनी हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी विचारला, आणि तो विचारण्याची पाळी कुणीतरी मेल्यावरच आली. त्या इतिहासाची थोडी ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू. मी इतिहासाचा अध्यापक आहे, रसायनशास्त्राचा नव्हे. म्हणून शास्त्राचा भाग जेवढा लागेल तेवढाच घेणार आहे.

पाणी हे आगीवरचे सर्वांत जुने औषध. स्वस्त, निरुपद्रवी आणि सर्वत्र मिळणारे. परंतु एकोणिसावे शतक संपता संपता दोन गोष्टी अशा आल्या की त्यांच्यापुढे पाणी लंगडे पडले. एक पेट्रोल आणि दुसरी वीज. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतले तर पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरत जाते. विजेच्या चालू तारेवर पाणी मारले तर मारणाऱ्यालाच धक्का बसायचा. मोटारगाड्या आल्या, विजेची कारखानदारी आली, पुढे विमाने आली. आणि लोक असे द्रव्य शोधू लागले की जे जळत नाही, वीज वाहून नेत नाही आणि यंत्राला ओलही लावत नाही.

असे एक द्रव्य तयारच होते. कार्बन टेट्राक्लोराइड हे त्याचे नाव. फ्रेंच रसायनज्ञ रेन्यो याने ते १८३९ साली तयार केले होते. पाण्यासारखे स्वच्छ, गोडसर वासाचे, जड. ग्रीज आणि तेलाचे डाग ते चटकन काढी, त्यामुळे कपडे कोरडे धुण्याच्या धंद्यात त्याला मागणी आली. क्लोरोफॉर्मचा वापर रूढ करणारे एडिंबरोचे डॉक्टर सिम्प्सन यांनी १८६५ च्या सुमारास भुलीचे औषध म्हणूनही ते वापरून पाहिले. इतकेच कशाला, १९२१ साली हॉल नावाच्या अमेरिकन संशोधकाने ते पोटातल्या अंकुश-जंतांवर गुणकारी असल्याचे दाखविले आणि पुढे काही वर्षे अनेक देशांतल्या हजारो लोकांना ते चक्क प्यायला दिले गेले! हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, जे द्रव्य औषध म्हणून दिले जाते त्याची भीती कोण बाळगणार?

१९११ च्या सुमारास अमेरिकेतल्या पायरीन कंपनीने हेच द्रव्य भरलेला एक लहानसा पितळी हातपंप बाजारात आणला. साधारण लिटरभर द्रव त्यात मावे. दट्ट्या मागेपुढे केला की पिचकारीसारखी धार उडे. आगीवर पडताच द्रवाची वाफ होई आणि ती जड वाफ आगीला वेढून टाकी. हवेच्या पाचपटींहूनही जड अशी ही वाफ. पंप सुबक, हलका, घासूनपुसून चकचकीत ठेवण्याजोगा. मोटारींत, बोटींत, विमानांत, कचेऱ्यांत, घरांच्या जिन्यांखाली असे पंप लागले. काचेच्या गोळ्यांत हा द्रव भरून, आग लागली की गोळा फेकून फोडायचा, अशीही एक तऱ्हा निघाली. तळघरातल्या भट्टीच्या वर असे गोळे टांगून ठेवीत. उष्णतेने ते आपोआप फुटावेत अशी योजना असे.

हे सगळे सोयीचे होते, यात शंका नाही. मग बिघडले कुठे?

बिघडले ते दोन ठिकाणी. पहिले असे की ही वाफ स्वतःच विषारी. मोकळ्यावर ती उडून जाते. पण लहान खोलीत कोंडली की माणसाला गरगरते, डोके दुखते, उलटी होते. थोड्या वेळाने बरे वाटते आणि तो माणूस कामाला लागतो. नंतर एकदोन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्याची लक्षणे दिसतात. दारू पिणाऱ्याला तर हे विष अधिकच बाधते. दरम्यान आगीची गोष्ट सगळे विसरून गेलेले असतात. माणूस मंगळवारी विझविलेल्या आगीमुळे शुक्रवारी आजारी पडला, हे डॉक्टरच्याही लक्षात यायचे नाही.

दुसरे बिघडले ते याहून भयंकर. तापलेल्या लोखंडावर किंवा ज्वाळेत हा द्रव पडला म्हणजे त्याचा थोडा भाग फुटतो आणि त्यातून फॉस्जीन नावाचा वायू निघतो. हे नाव वाचकांनी कदाचित दुसऱ्या संदर्भात ऐकले असेल. पहिल्या महायुद्धात १९१५ च्या डिसेंबरात जर्मन सैन्याने ईप्रजवळ ब्रिटिशांवर जो वायू सोडला त्यात फॉस्जीन होता, आणि त्या युद्धात विषारी वायूंनी जे लोक मेले त्यांतले बहुसंख्य याच वायूने मेले. भोपाळला १९८४ साली ज्या रसायनाने हजारोंचा बळी घेतला ते तयार करण्यासाठीही त्या कारखान्यात फॉस्जीनच वापरीत असत. याची खोड अशी की, हुंगल्यावर फार त्रास होईलच असे नाही. वास कुबट गवतासारखा. थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात आणि थांबतात. मग काही तासांनी, कधी दिवसभराने, फुप्फुसांत पाणी भरू लागते.

म्हणजे पहा, रणांगणावर ज्या वायूच्या भीतीने शिपाई तोंडाला मुखवटे बांधून बसले होते, तोच वायू लहान प्रमाणात का होईना, घराच्या तळघरात घरमालक आपल्या हाताने तयार करीत होता. आणि तोही घर वाचविण्यासाठी!

हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेच्या खाण-विभागातील रसायनज्ञांनी बंद जागेत प्रयोग करून या द्रवापासून आगीत कोणते विषारी वायू निघतात ते १९२० सालीच छापून प्रसिद्ध केले होते. तरीही हे पंप पुढे तीसचाळीस वर्षे विकले गेले. याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. मोटारीला लागलेली आग डोळ्यांना दिसते. फॉस्जीन दिसत नाही. पंपाने आग विझली हे चारचौघे सांगतात. दोन दिवसांनी इस्पितळात मेलेला माणूस काहीच सांगत नाही. मोकळ्या रस्त्यावर वापरणाऱ्यांना तर खरोखरच काही होत नव्हते. धोका होता तो बंद जागेत, आणि पंपावरच्या सूचना वाचून मग आग विझवायला बसेल असा माणूस विरळा. अखेर १९७० साली अमेरिकेत घरगुती वापराच्या वस्तूंत कार्बन टेट्राक्लोराइड वापरण्यास बंदी झाली. पुढे ओझोनच्या थरासाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याच्या १९९० सालच्या लंडन दुरुस्तीत या द्रव्याचाही समावेश झाला आणि त्याचे दिवस भरले.

जाता जाता सांगतो. असा एखादा जुना पितळी पंप किंवा काचेचा गोळा जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसला आणि शोभेची वस्तू म्हणून घ्यावासा वाटला, तर तो रिकामा आहे ना, हे आधी पाहावे. आत द्रव हलत असेल तर घरात आणू नये आणि उघडूनही पाहू नये.

दरम्यान विमानांनी नवी मागणी पुढे केली. विमानात वजन कमी हवे आणि आग तर निमिषात विझली पाहिजे. ब्रिटिश आणि जर्मन लोकांनी मेथिल ब्रोमाइड घेतले. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या विमानांत व जहाजांत ते होते. आग विझविण्यात ते कार्बन टेट्राक्लोराइडपेक्षा सरस, आणि विषारीपणातही सरस! जवळजवळ बिनवासाचे, कळायच्या आत छातीत जाणारे, मज्जातंतूंवर घाव घालणारे. हात थरथरतात, झटके येतात. पुढे गोदामांतल्या धान्याची कीड मारण्यासाठी जे वापरले गेले ते हेच मेथिल ब्रोमाइड, एवढे सांगितले म्हणजे त्याची जात कळावी. जर्मनांनी मग क्लोरोब्रोमोमेथेन काढले. ते त्यातल्या त्यात सौम्य. पण त्यातल्या त्यातच.

महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, अमेरिकन सैन्याने हा प्रश्न पद्धतशीर हाती घेतला. पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधन-संस्थेकडे साठांहून अधिक द्रव्ये तपासायला दिली. आग किती चांगली विझते हे एकीकडे मोजायचे आणि प्राण्यांना किती बाधते हे दुसरीकडे मोजायचे, अशी दुहेरी तपासणी. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण माझ्या मते या साऱ्या इतिहासातले हे मोठे वळण आहे. आग आणि माणूस या दोघांचाही हिशेब एकाच चोपडीत पहिल्यांदा मांडला गेला तो इथे.

या कामातून जी द्रव्ये निवडली गेली त्यांना ‘हॅलॉन’ हे नाव मिळाले, आणि त्यांना आकडे देण्याची एक सुटसुटीत पद्धतही निघाली. पहिला आकडा कार्बनचे अणू किती ते सांगतो. दुसरा फ्लोरिनचे, तिसरा क्लोरिनचे, चौथा ब्रोमिनचे. हॅलॉन १३०१ म्हणजे एक कार्बन, तीन फ्लोरिन, क्लोरिन नाही, ब्रोमिन एक. या पद्धतीने आपला जुना कार्बन टेट्राक्लोराइड झाला हॅलॉन १०४ आणि मेथिल ब्रोमाइड झाले हॅलॉन १००१.

यांतले १३०१ खरोखर गुणी निघाले. ते हवेतला प्राणवायू हटवून आग विझवीत नाही; ज्वाळेत जी रासायनिक साखळी चालते तीच तोडते. त्यामुळे खोलीतल्या हवेत ते पाचसहा टक्के मिसळले तरी पुरते, आणि तेवढ्यात माणूस थोडा वेळ सुखरूप राहू शकतो. इथे विहिरीतल्या कंदिलाचा नियम पहिल्यांदाच मोडला. ज्योत मालवते आणि माणूस जगतो! गणकयंत्रांच्या खोल्या, टेलिफोनची केंद्रे, वस्तुसंग्रहालये, विमाने यांनी हे द्रव्य उचलून धरले. निर्दोष मात्र तेही नव्हते. मोठ्या आगीत तेही फुटते आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखी घसा नि फुप्फुसे जाळणारी आम्ले तयार होतात. शिवाय एक अडचण अशी निघाली की तिचा विचार कुणी केलाच नव्हता. हे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ साली माँट्रिअल करार झाला. १९९४ च्या आरंभापासून प्रगत देशांनी हॅलॉनचे उत्पादन थांबविले. भारत या करारात १९९२ साली सामील झाला.

अमेरिकेने १३०१ घेतले, ब्रिटिशांनी १२११ ला पसंती दिली, तर सोव्हिएत रशियाने हॅलॉन २४०२ धरले. हे २४०२ साध्या तापमानाला द्रवरूप असते आणि १३०१ इतके माणसाला मानवणारे नाही. सोव्हिएत पाणबुड्यांत एका कप्प्यात आग लागली की तो कप्पा बंद करून त्यात हे द्रव्य सोडायची व्यवस्था असे. इथे आपल्या इतिहासाचा धागा भारताशी येऊन जुळतो.

‘नेर्पा’ ही अणुशक्तीवर चालणारी रशियन पाणबुडी. तिचे बांधकाम १९९० नंतरच्या ओढग्रस्तीच्या काळात सुरू झाले, पैशांअभावी रखडले, आणि ती पाण्यात उतरली २००६ साली. ती भाड्याने भारताला द्यायची असे ठरले होते. ८ नोव्हेंबर २००८ रोजी जपानच्या समुद्रात तिची चाचणी चालू होती. एरव्ही अशा पाणबुडीवर सत्तर-पंचाहत्तर खलाशी असतात. त्या दिवशी मात्र आत २०८ माणसे होती, आणि त्यांत निम्म्याहून अधिक कारखान्याचे कामगार व तंत्रज्ञ होते. संध्याकाळी पुढच्या भागातल्या कप्प्यांत आग विझविण्याची रासायनिक यंत्रणा अचानक सुरू झाली. कप्पे बंद झाले. वीस माणसे मेली. त्यांतली सतरा नाविक नव्हती, कारखान्याची होती. आणखी कित्येक इस्पितळात गेली.

वाचकहो, आग लागलीच नव्हती.

पुढे तपास झाला, खटला झाला. एका ज्यूरीने २०११ साली कप्तानाला व संबंधित तंत्रज्ञाला निर्दोष ठरविले, तो निकाल रद्द होऊन पुन्हा खटला उभा राहिला. त्या वादात आपण पडायला नको. एक गोष्ट मात्र नोंदून ठेवण्यासारखी आहे. टाक्यांतल्या द्रव्यात हॅलॉनबरोबर टेट्राक्लोरोएथिलीन मोठ्या प्रमाणात मिसळलेले आढळले, असे रशियन वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले. टेट्राक्लोरोएथिलीन म्हणजे कोण? तर कपडे कोरडे धुण्याच्या धंद्यात कार्बन टेट्राक्लोराइडच्या जागी आलेला त्याचाच भाऊबंद. शंभर वर्षांचा फेरा घेऊन आपण पुन्हा त्याच कुळापाशी येऊन पोहोचलो, असे म्हणायला हरकत नाही. ही पाणबुडी दुरुस्त होऊन २०१२ साली आपल्या नौदलात ‘आयएनएस चक्र’ म्हणून दाखल झाली, विशाखापट्टणमहून तिने काम केले आणि २०२१ साली ती रशियाला परत गेली. तिच्या पहिल्या वीस मृतांची आठवण आपल्याकडे फारशी कुणाला नाही.

हॅलॉन मागे पडल्यावर पुष्कळ ठिकाणी जुन्या कार्बन डायऑक्साइडकडे वळावे लागले. हा तर आपल्या श्वासातूनच बाहेर पडणारा वायू. यात कसले विष, असे वाटते. हिशेब करून पाहू. नेहमीच्या हवेत तो शेकडा चार शतांश, म्हणजे नसल्यासारखाच. बंद खोलीतली आग त्याने विझवायची तर निदान चौतीस टक्के भरावा लागतो. आणि दहा टक्क्यांच्या वर गेला की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. सतरा टक्क्यांच्या वर तर एखाद्या मिनिटाचा प्रश्न. म्हणजे आग विझवायला लागणारे प्रमाण माणूस मरायला लागणाऱ्या प्रमाणाच्या दुप्पट! हा वायू निव्वळ प्राणवायूची जागा घेतो असेही नाही. रक्तात वाढला की तो स्वतःच गुंगी आणतो. शिवाय तो हवेहून जड. इटलीत नेपल्सजवळ ‘कुत्र्याची गुहा’ नावाची एक गुहा आहे. तिच्या जमिनीलगत हा वायू साचलेला असतो. उभ्या माणसाला काही होत नसे, पण त्याच्या पायाशी असलेले कुत्रे बेशुद्ध पडे. आणि हा क्रूर खेळ प्रवाशांना पैसे घेऊन दाखवीत असत. आग विझविलेल्या तळघरात खाली वाकणाऱ्या माणसाची गत त्या कुत्र्यासारखीच होते.

अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेने २००० साली या वायूच्या अग्निशामक यंत्रणांमुळे झालेल्या अपघातांची मोजदाद प्रसिद्ध केली. तिच्या हाती लागलेल्या ६२ घटनांत ११९ माणसे मेली होती आणि १५२ जखमी झाली होती. मृतांचा आकडा पाहून आपण हळहळतो. पण इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलका भाग पुढेच आहे. यांतले बहुतेक अपघात आग विझविताना झाले नव्हते. यंत्रणेची किंवा तिच्या आसपासची देखभाल, दुरुस्ती चालू असताना झाले होते.

पुढची उदाहरणेही तेच सांगतात. २८ जुलै १९९८ रोजी अमेरिकेतल्या आयडाहो येथील अणुसंशोधन केंद्रात तेरा कामगार विजेच्या देखभालीचे काम करीत होते. वायूची यंत्रणा बंद करून ठेवली आहे अशी त्यांची समजूत. धोक्याची घंटा न वाजताच वायू सुटला. एक मेला, काही मरता मरता वाचले. १३ मार्च २०१६ रोजी बँकॉकमध्ये एका मोठ्या बँकेच्या मुख्य कचेरीच्या तळघरात अग्निसुरक्षेचीच यंत्रणा सुधारण्याचे काम चालले असता बारीक कणांचा धूर सोडणारी यंत्रणा सुरू झाली. आठ जण मेले. २५ मे २०१९ रोजी चीनच्या शांडोंग प्रांतात बंदरात उभ्या असलेल्या एका मालवाहू जहाजावर दुरुस्ती चालू असताना कार्बन डायऑक्साइड सुटला. दहा मेले, एकोणीस जखमी झाले. या तिन्ही ठिकाणी आग कुठेच नव्हती.

आता या साऱ्याचे तात्पर्य काय?

माझ्या मते या इतिहासाचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात मरणारा माणूस आग विझविणारा होता. पंप त्याच्या हातात होता, आग त्याच्या डोळ्यांपुढे होती; चूक होती ती द्रव्याची. ती चूक पर्ड्यूच्या प्रयोगांपासून पुढे पुष्कळशी सुधारली. आज नायट्रोजन आणि अर्गॉन यांची अशी मिश्रणे आहेत की त्यांत मुद्दाम आठ टक्के कार्बन डायऑक्साइड घालतात. तो माणसाचा श्वास वाढवितो, आणि प्राणवायू कमी असूनही त्याला बाहेर पडण्याइतकी शुद्ध राहते. हे कौतुकास्पदच आहे. दुसऱ्या भागात मात्र मरणारा माणूस वेगळा आहे. तो आग विझवायला आलेलाच नाही. तो तारा जोडायला आलेला आहे, रंग द्यायला आलेला आहे. पाळी संपवून झोपलेला आहे. बहुधा कंत्राटदाराचा माणूस. भिंतीवरच्या त्या लाल नळकांड्यांत काय आहे हे त्याला कुणी सांगितलेले नाही. द्रव्य कितीही सुधारले तरी त्याला ही माहिती कुणी देत नसेल तर तो वाचत नाही.

आणि हा दुसरा माणूस फक्त बँकॉकला किंवा जपानच्या समुद्रात असतो असे समजू नये. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत जिथे जिथे संगणकांच्या बंद खोल्या आहेत, बँकांची तळघरे आहेत, गोदीत दुरुस्तीला आलेली जहाजे आहेत, तिथे तिथे अशा यंत्रणा असतात आणि तिथे तिथे हा माणूस रोज कामाला जातो. म्हणून चार गोष्टी साध्या शब्दांत सांगून ठेवतो.

ज्या खोलीत वायू सोडणारी यंत्रणा आहे तिच्या दारावर तसे मराठीत, ठळक लिहिलेले असावे. आत काम करायचे असेल तर यंत्रणेची झडप हाताने बंद करून कुलूप घालावे. नुसते बटण दाबून किंवा पडद्यावर ‘बंद’ असे वाचून भागत नाही, हे आयडाहोने शिकविले आहे. भोंगा वाजला की हातातले काम तसेच टाकून बाहेर पडावे. भोंग्यानंतर वायू सुटेपर्यंत साधारण अर्ध्या मिनिटाची सवड ठेवलेली असते. ती चपला शोधण्यासाठी नव्हे. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे आणि त्याच्यापुढे खोकी रचलेली नसावीत.

आत कुणी पडलेला दिसला तर नुसता रुमाल नाकाला लावून धावत जाऊ नये. विहिरीत बेशुद्ध पडलेल्याला काढायला एकामागून एक उतरून चारचार जण मेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. इथेही तसेच होते. हवेची टाकी पाठीला असलेल्या अग्निशामक दलाच्या माणसानेच आत जावे. घरात किंवा मोटारीत हातातले नळकांडे वापरले असेल तर आग विझल्यावर तिथे रेंगाळू नये. दारे-खिडक्या उघडून बाहेर यावे. पांढरी पूड वापरली असेल तरी हेच करावे. ती फॉस्जीनसारखी घातक नाही, पण घसा आणि डोळे चांगलेच चुरचुरतात, आणि दमेकऱ्याला तर बंद जागेत तिचा फारच त्रास होतो. आणि अशा धुरात किंवा वायूत श्वास गेला असेल, तर बरे वाटत असले तरीही डॉक्टरला दाखवावे, आणि काय हुंगले ते नाव सांगावे. ‘तेव्हा तर काही झाले नव्हते’ हे वाक्य या इतिहासात फार वेळा उच्चारले गेले आहे.

आगीची भीती बाळगायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. ती उपजतच असते. आग विझविणाऱ्या वस्तूचा मात्र आपल्याला नुसता भरवसा वाटतो. तो अगदीच अस्थानी आहे असे नाही. या द्रव्यांनी विमाने वाचविली, जहाजे वाचविली, माणसेही वाचविली. आणि खोलीतली यंत्रणा कुणी माझ्या या लेखावरून काढून टाकावी असे मी मुळीच सुचवीत नाही. यंत्रणा राहू द्या. फक्त त्या खोलीत उद्या जो माणूस पाना आणि पक्कड घेऊन उतरणार आहे, त्याला आज दारापाशी थांबवून त्या नळकांड्यांत काय आहे आणि बाहेर पडायची वाट कोणती, एवढे सांगा. विहिरीत उतरणाऱ्यासाठी आपले आजे-पणजे कंदील सोडीत. तेवढी काळजी आपणही घेऊ शकतो.